दुर्गापुऱ्यातला पाऊस, गुलमर्गचा बर्फ

हिवाळ्यात आमच्या दुर्गापुऱ्यात कधी कधी दोन-दोन दिवस बारीक पाऊस लागतो. जयपूरच्या टोंक रोडवरची ही वस्ती. एका बाजूला छोटेसे रेल्वे स्टेशन, डोक्यावर सांगानेर विमानतळाच्या विमानांची घरघर आणि मधोमध कृषी संशोधन संस्थेची हिरवीगार शेते. त्या पावसाला इकडे 'मावठ' म्हणतात. आपल्याकडे हिवाळ्यात अवकाळी पाऊस म्हटला की द्राक्षवाल्याच्या पोटात गोळा येतो. इथे मात्र मावठ पडली की शेतकरी म्हणतो, सोने बरसले. गहू, हरभरा, मोहरी, सारी शेते एका पावसात तरारून उठतात.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणत असू, नोकरीसाठी विदर्भातून इथे आले आणि इथलेच झाले. आयुष्यभर त्यांनी गव्हाच्या वाणांवर काम केले. राजस्थानात 'राज' या नावाने ओळखले जाणारे गव्हाचे कितीतरी वाण दुर्गापुऱ्याच्या याच शेतांतून बाहेर पडले. मावठ सुरू झाली की नाना व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि सासूबाईंना हाक मारून सांगत, "काश्मिरात बर्फ पडतोय बरं का! दाखवीन तुला एकदा."

ते एकदा दाखवणे राहूनच गेले. नाना गेले त्याला आता सहा वर्षे होतील. म्हणून दोन वर्षांपूर्वी जेव्हा मुलांनी "यंदा बर्फात स्कीइंग करायला जायचे" असा धोशा लावला, तेव्हा सासूबाई नेहमीप्रमाणे "तुम्ही जा, मी घर सांभाळते" म्हणाल्या नाहीत. त्या नुसत्या म्हणाल्या, "फार चालावं लागतं का गं तिथे?" तेव्हाच मी ठरवले, जायचे तर आईंना घेऊनच.

नकाशा, कॅलेंडर आणि खिसा

एरवी सहलीचा बेत म्हणजे तिकिटे काढली की झाले. बर्फातल्या सहलीचे तसे नाही. चार संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता.

स्कीइंगसाठी आपल्या देशात प्रामुख्याने दोन नावे घेतली जातात. उत्तराखंडातले औली आणि काश्मीरमधले गुलमर्ग. मनालीजवळच्या सोलंगला आणि शिमल्याच्या पुढे नारकंड्यालाही लोक स्की शिकतात, पण उतार लहान आणि बर्फाचा भरवसा कमी. औली सुंदर आहे. समोर नंदादेवीचे शिखर दिसते, २०११ मध्ये तिथे दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धाही झाल्या. पण ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंतचा घाटरस्ता अडीचशे किलोमीटरचा. त्यात २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले आणि जोशीमठहून औलीला नेणारा रोपवे बंद झाला. गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन तो प्रवास नको, असे ह्यांचे म्हणणे पडले.

राहिले गुलमर्ग. श्रीनगरला विमानाने उतरायचे, तिथून पन्नासएक किलोमीटर. शेवटचे तेरा किलोमीटर टंगमर्गपासून वर चढणाऱ्या वळणांचे. उंची साधारण २,६५० मीटर. आमचे जयपूर सुमारे ४३० मीटरवर. म्हणजे एका दिवसात दोन किलोमीटरपेक्षाही जास्त उंच जायचे. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू. म्हणून पहिले काम डॉक्टरांना विचारण्याचे. ते म्हणाले, "गुलमर्गला न्या, पण आधी एक-दोन दिवस श्रीनगरात विश्रांती घ्या. गेल्या गेल्या धावपळ नको, पाणी भरपूर प्यायचे आणि अगदी वरच्या शिखरापर्यंत त्यांना नेऊ नका."

खरी अडचण कॅलेंडरची होती. काश्मीरच्या हिवाळ्याला स्वतःचे पंचांग आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लाई कलान', म्हणजे मोठी थंडी. मग वीस दिवस 'चिल्लाई खुर्द', ती धाकटी. आणि शेवटी दहा दिवस 'चिल्लाई बच्चा', थंडीचे शेंडेफळ. स्कीइंगला सर्वांत चांगला काळ जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर. नेमकी तेव्हा मुलांच्या परीक्षांची तयारी. आमच्याकडे शाळांना सुट्टी नाताळची, जेमतेम दहा-बारा दिवसांची. त्याच दिवसांत साऱ्या देशाला गुलमर्ग आठवते आणि हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात. म्हणजे ज्यांना मुले आहेत त्यांनी जास्त पैसे द्यायचे आणि कमी बर्फ मिळण्याचा धोकाही पत्करायचा!

आम्ही तो पत्करला. २०२४ च्या जानेवारीचा पहिला आठवडा ठरला. स्वस्तात पडते म्हणून परत न मिळणाऱ्या पैशांचे आरक्षण केले. ही आमची पहिली चूक.

बर्फाविना गुलमर्ग

टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि जाडजूड कोट घेतले. मुले गाडीच्या काचेला नाक लावून बसली होती. देवदारांमधून शेवटचे वळण घेतले आणि समोर ते प्रसिद्ध पठार आले. तपकिरी, कोरडे, उन्हात पहुडलेले. गवताच्या काड्या, घोड्यांच्या टापांचे ठसे आणि धूळ. बर्फ दिसत होता तो दूर अफरवतच्या माथ्यावर, तोही पट्ट्यापट्ट्यांनी.

त्या वर्षी सारा चिल्लाई कलान कोरडाच चालला होता. वर्तमानपत्रांतून त्याची छायाचित्रे छापून आली, तुम्हीही पाहिली असतील. बर्फ आला तो जानेवारी संपता संपता. तोवर आम्ही दुर्गापुऱ्यात परतून पंधरा-वीस दिवस होऊन गेले होते.

धाकटी तर रडायलाच लागली. स्की भाड्याने देणारा एक तरुण दुकानापुढे ऊन खात बसला होता. त्याच्यामागे स्कीच्या जोड्या भिंतीला टेकून रांगेने उभ्या. तो उठला, मुलीच्या पायाची दोन्ही कडक बूट चढवले, स्कीवर उभे केले आणि गवतावरच शिकवू लागला. पुढची टोके जवळ, मागची लांब. पाचरीसारखा आकार करायचा, तो म्हणजे ब्रेक. गुडघे वाकलेले, नजर पायाकडे नाही, समोर. अर्धा तास त्याने दोघांनाही शिकवले आणि पैसे घेईना. "बर्फ नाही तर मजुरी कसली?" तो हिंदीत म्हणाला. "पुढल्या वेळी या, तेव्हा द्या."

ह्यांनी त्याला विचारले, फेब्रुवारीत पडेलच ना बर्फ? तो म्हणाला, पडेल, पण चिल्लाई कलानचा बर्फ वेगळा. तो थंडीत घट्ट बसतो आणि उन्हाळाभर हळूहळू विरघळून झरे चालू ठेवतो. उशिरा आलेला बर्फ पाहुण्यासारखा असतो, आला आणि गेला. खाली भाताला पाणी कमी पडते, सफरचंदाला कमी पडते. "आपला तर पर्यटनाचा धंदा, एक मोसम बुडेल," तो म्हणाला. "पण पाण्याचे काय?"

हे ऐकून सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. "अगदी ह्यांच्यासारखं बोलतोय. यंदा मावठही नाही पडली आपल्याकडे."

त्यांचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. भूमध्य समुद्राच्या बाजूने हिवाळ्यात वाऱ्यांचे भोवरे बाष्प घेऊन पूर्वेकडे येतात. हवामानवाले त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. तेच हिमालयावर आदळले की बर्फ होतात आणि त्यांचीच झालर राजस्थानावरून गेली की दुर्गापुऱ्यात मावठ पडते. नानांनी व्हरांड्यात बसून सांगितलेला हवामानाचा अंदाज म्हणजे काही गंमत नव्हती.

बर्फ नव्हता तरी त्या सहलीत एक गोष्ट पदरात पडली. टेकडीवरचे लाल छपराचे महाराणी मंदिर सासूबाईंना शांतपणे पाहता आले. १९१५ मध्ये काश्मीरच्या महाराणी मोहिनीबाई सिसोदिया यांनी बांधलेले हे शिवमंदिर. 'आप की कसम' या १९७४ च्या चित्रपटातल्या गाण्यामुळे ते घराघरांत पोहोचले. पाचच महिन्यांनी, २०२४ च्या जूनमध्ये ते आगीत जळाल्याची बातमी आली, तेव्हा सासूबाई दिवसभर हळहळत होत्या.

ऐशआराम कशासाठी?

पुढच्या वर्षी जायचे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. एकदा हात पोळले होते. शेवटी २०२४ च्या नाताळच्या सुट्टीत पुन्हा प्रयत्न करायचा असे ठरले, पण यावेळी बेत वेगळ्या पद्धतीने आखला.

गुलमर्गला राहण्याचे अनेक प्रकार आहेत. सरकारी पर्यटक कुटीर, साधी हॉटेले, 'हायलँड्स पार्क'सारखी जुनी लाकडी बांधणीची हॉटेले, आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'खैबर'सारखी पंचतारांकित सुखसोयींची. मोठ्या हॉटेलाच्या दोन रात्रींच्या पैशांत साध्या ठिकाणी सहा रात्री निघत होत्या. माझा जीव मध्यमवर्गीय. म्हटले, झोपायला काय पंचतारांकित छप्पर हवे?

ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "रात्री तापमान शून्याखाली आठ-दहा अंश. साध्या हॉटेलात वीज गेली तर आईंचे काय?" मग लक्षात आले की अशा ठिकाणी ऐशआराम म्हणजे झुंबरे आणि गालिचे नव्हेत. ऐशआराम म्हणजे रात्रभर उबदार राहणारी खोली, न गोठणारे नळ, स्वतःचे जनरेटर, गोंडोलापर्यंत कमी चालणे आणि अडीअडचणीला डॉक्टर मिळण्याची सोय. या गोष्टी विचारून घ्याव्यात, उरलेल्यांचे पैसे वाचवावेत. आम्ही मधला मार्ग काढला. पहिल्या दोन रात्री, शरीर थंडीला सरावेपर्यंत, मोठ्या हॉटेलात. पुढच्या दोन साध्या गेस्ट हाऊसमध्ये. आरक्षण असे की आठवडाभर आधी रद्द केले तर पैसे परत. चार पैसे जास्त गेले, पण झोप शांत लागली.

बाहेर पांढरे, घरी ओले

२५ डिसेंबरला श्रीनगरला उतरलो. त्या महिन्यात तिथे थंडीने कहर केला होता. २१ तारखेच्या पहाटे पारा शून्याखाली साडेआठ अंशांवर गेला होता, डिसेंबरात पन्नास वर्षांत झाली नव्हती एवढी थंडी. दल सरोवराच्या कडा गोठलेल्या. सासूबाईंना फेरन आणि आत धरायला कांगडी मिळाली. केशर-बदामाचा कहवा पिता पिता त्या म्हणाल्या, "आपल्या शेगडीला यांनी बरं अंगावर घेतलंय!"

२७ ला सकाळी गुलमर्गला पोहोचलो. जेवण झाले आणि आभाळ खाली उतरले. आधी पिठाच्या चाळणीतून पडावे तसे काहीतरी भुरभुरू लागले. मग पिसे. मग पाहता पाहता समोरची झाडेच दिसेनाशी झाली. मुले ओरडत बाहेर धावली. सासूबाई मोठ्या काचेच्या खिडकीशी खुर्चीत बसून राहिल्या. मी म्हटले, "चला ना आई, जरा हात लावून या."

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. दुर्गापुऱ्याहून शेजारच्या शर्माभाभी. आमच्या गच्चीवरचे वाळवण त्यांनी उचलून आत ठेवले होते, कारण जयपूरला सकाळपासून पाऊस लागला होता.

फोनचा आवाज मोठा होता, सासूबाईंना सगळे ऐकू गेले. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "खरं सांगत होते हो ते." मग पदर डोक्यावरून घेतला, वर शाल घेतली आणि माझा हात धरून बाहेर आल्या. तळहातावर बर्फ घेतला, वितळेपर्यंत पाहत राहिल्या. कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सारे ठप्प. विमाने रद्द, जम्मूचा महामार्ग बंद, वाटेत हजारो गाड्या अडकलेल्या. मागच्या वर्षी बर्फ नाही म्हणून रडलो, यंदा इतका की दार उघडेना! २८ ला परतायचे असणाऱ्यांचे हाल पाहिले आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

२९ ला ऊन पडले. भाड्याच्या दुकानाशी तोच तरुण उभा होता. त्याने धाकटीला लांबूनच ओळखले. "गवतवाली स्कीअर आली!" मुलांनी गवतावर शिकलेली पाचर बर्फावर चालू केली. पडली, उठली, पुन्हा पडली. मुलांचे बरे असते, त्यांना जमिनीपर्यंतचे अंतर कमी. ह्यांनी एकदाच प्रयत्न केला आणि सरळ एका स्लेजवाल्याच्या अंगावर गेले. मागच्या वर्षीची मजुरी आम्ही हट्टाने दिली. त्याने ती घेतली आणि मुलांना अर्धा तास जास्त शिकवले.

गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने आम्ही सारे कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,०५० मीटरवर, गेलो. १९९८ मध्ये सुरू झालेला हा टप्पा सहाजणांच्या बंद डब्यातून जातो, त्यामुळे सासूबाईंनाही त्रास झाला नाही. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथल्या हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने साठ-बासष्ट टक्केच. डॉक्टरांचा शब्द पाळून सासूबाई आणि मी कोंगडोरीला चहा पीत थांबलो. वरचे उतार कसलेल्या स्कीअरचे. आखलेल्या वाटा सोडून जाणाऱ्यांवर हिमकडे कोसळतात. २०२३ च्या आणि २०२४ च्याही फेब्रुवारीत परदेशी स्कीअर तिथे प्राणाला मुकले. मुलांना हे आधीच स्पष्ट सांगून ठेवावे.

तुम्ही बेत आखाल तेव्हा

गोंडोलाची तिकिटे ऑनलाइनच मिळतात आणि सुट्टीत लवकर संपतात. हॉटेल ठरताच तीही काढावीत. दुसऱ्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, घरात एक तरी पोस्टपेड फोन हवा. बर्फ पडल्यावर टंगमर्गच्या वर साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असणाऱ्या गाड्याच सोडतात, त्याचे भाडे हिशेबात धरावे.

कपडे एकच जाड घेण्यापेक्षा तीन थर घ्यावेत. अंगालगत लोकरी किंवा थर्मल, मधे स्वेटर, वर पाणी न शिरणारा कोट. आतला सुती बनियन घामाने भिजला की बर्फासारखा गार पडतो. काळा चष्मा आणि सनस्क्रीन विसरू नये, बर्फावरून परतणारे ऊन डोळे आणि कातडी जाळते. स्की, बूट, काठ्या तिथे भाड्याने मिळतात, विकत घेऊ नयेत. बूट पायाला घट्ट, पण बोटे हलतील असा. मुलांना हेल्मेट मागून घ्यावे. मनापासून शिकायचे असेल तर सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गलाच आहे. तिचे निवासी वर्ग हॉटेलच्या सहलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

शाकाहारी जेवणाची चिंता नको. राजमा-भात, हाक नावाची पालेभाजी आणि गरम गिरदा रोटी मिळते. आम्ही मात्र मेतकूट, लसणाची चटणी आणि गुळपोळ्या नेल्या होत्या. बर्फात अडकल्या दिवशी त्यांनी दिवाळी केली.

यंदा जायचे का?

२०२५ च्या २२ एप्रिलला पहलगामला जे घडले ते आपण कोणीच विसरणार नाही. महाराष्ट्रातली सहा माणसे सहलीला म्हणून गेली होती, ती परत आली नाहीत. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी गुलमर्गच्या त्या तरुणाचा फोन आला. आम्ही कुठे आहोत, सुखरूप आहोत ना, एवढेच त्याने विचारले आणि रडू लागला. मोसमाचे, धंद्याचे एक अक्षर बोलला नाही.

त्यानंतर अनेक पर्यटनस्थळे बंद झाली, मग टप्प्याटप्प्याने उघडली. जूनमध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत गाडीही सुरू झाली. नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच चिनाब पुलावरून ती जाते. मुलाने तिचे वेळापत्रक छापून फ्रिजवर लावले आहे. मी अजून हो म्हटलेले नाही. जावे की न जावे हे ज्याने त्याने आपल्या माणसांकडे पाहून, सरकारी सूचना वाचून ठरवावे. दुसऱ्याच्या भीतीला कोणी हसू नये, आणि दुसऱ्याच्या हिमतीलाही.

सासूबाईंनी मात्र फेरन धुऊन, डांबरगोळ्या घालून कपाटात वरच ठेवला आहे. परवा संध्याकाळी दुर्गापुऱ्यात वारा फिरला, आभाळ भरून आले. त्यांनी व्हरांड्यात नानांची खुर्ची ओढली आणि नातीला हाक मारून म्हणाल्या, "त्या तुझ्या स्कीवाल्याला फोन लाव बघू. विचार, पडायला लागला का म्हणावं."